एकशे शहाऐंशी

क्यूशू, जपान
९ नोव्हेंबर १९८६

ती. ताई,
साष्टांग नमस्कार.

मागच्या पत्रात ‘थोडी सर्दी झाली आहे’ एवढंच लिहिलं होतं. आता ठणठणीत बरा आहे, म्हणून खरं सांगतो. सर्दी नव्हती, ताप होता. पाच दिवस मी खोलीबाहेर पडलो नाही. दोन महिन्यांत ज्या गावात नमस्कार आणि आभार एवढे दोनच शब्द शिकलो, तिथे आजारी पडणं म्हणजे काय ते तू समजशील. बाबांना सांगू नकोस, उगाच रात्रभर खोकत बसतील.

तिसऱ्या दिवशी दारावर टकटक झाली. दारात हरादा-सान आणि त्यांच्या पत्नी. हे हरादा म्हणजे बंदरावर आपल्या गोव्याच्या लोहखनिजाचे नमुने घेणारे गृहस्थ. मुरगावला आम्ही जहाज भरताना नमुने घेतो, आणि ते इथे रिकामं होताना घेतात. दोन्हींचा मेळ बसला पाहिजे, म्हणून कंपनीने मला वर्षभर त्यांच्या शेजारी उभं राहायला पाठवलंय. खरं सांगायचं तर त्यांच्यावर नजर ठेवायला. त्यांनाही ते माहीत आहे. मी कामावर आलो नाही तर त्यांना रान मोकळं. पण हा माणूस काय सांगत आला, तर ‘तुम्ही नव्हता म्हणून जहाजाच्या दोन खणांचे नमुने मी घेतलेच नाहीत. वरिष्ठांना सांगून थांबवलंय. तुम्ही बरे व्हा.’ सोबत ऑफिसातल्या इनोऊबाई होत्या, त्या इंग्रजी करून सांगत होत्या.

आणि हरादाबाईंनी डबा उघडला. ताई, पेज. अगदी आपली पेज, तांदूळ मऊ शिजवून पाण्यासकट. वर एक लहानसं खारवलेलं फळ, लाल, सुरकुतलेलं. जिभेवर ठेवलं आणि मला आपल्या खारातल्या तोरांची बरणी दिसली. आईने आजारपणात पेजेबरोबर वाढलेलं कोवळ्या कैरीचं तोर, तीच चव, तोच दात आंबवणारा खारटपणा. मी एकतीस वर्षांचा घोडा, चमचा हातात घेऊन रडलो. त्या दोघांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. मी तोंड पुसेपर्यंत बघत राहिली.

आता मुद्द्याचं. आज रविवारी हरादा इनोऊबाईंसह पुन्हा आले, बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन. वीस वर्षांत गोव्याच्या खनिजातून जे जे निघालं ते त्यांनी धुऊन ठेवलंय. करवंटीचे तुकडे, हिरव्या काकणाचा अर्धा भाग, एका चपलेचा अंगठा. प्रत्येकाला कागदाची चिठ्ठी बांधलेली, त्यावर जहाजाचं नाव, तारीख आणि कुठल्या खणातून निघालं ते. करवंट्या कशाच्या म्हणून त्यांना इतकी वर्षं कोडं होतं. मोसमातलं पहिलं जहाज भरताना आम्ही नारळ फोडतो, असं सांगितल्यावर म्हातारा इतका हसला.

डब्याच्या तळाला एक पितळेचा बिल्ला होता. आपल्या खाणीवरच्या बायका हजेरीला दाखवायच्या तो. वर खाणीचं चिन्ह आणि आकडा १८६. चिठ्ठीवर तारीख १४ मार्च १९७१. हरादा म्हणाले, ‘बाकीच्या वस्तू आहेत, पण हा नंबर म्हणजे कोणी माणूस आहे. हा माणूस कोण?’

बिल्ल्यावर कागद ठेवून शिसपेन्सिल घासली आहे, तो छाप सोबत पाठवतोय. बाबा तेव्हा मुकादम होते. त्यांना विचारून सांगशील का, एकशे शहाऐंशी कोण होती?

तुझा
कृष्णनाथ


डिचोली
२ डिसेंबर १९८६

प्रिय कृष्णा,
अनेक आशीर्वाद.

ताप लपवलास त्याबद्दल रागावणार होते, पण पेजेने राग घालवला. त्या बाईंना माझा नमस्कार सांग. गरम बनियनं दोन पाठवते आहे, ती घाल. पेटीत घालून ठेवू नकोस.

इकडे सगळं ठीक. शाळेत सहामाहीचे पेपर तपासून झाले. भाषेच्या भांडणाने गाव तापलंय. मास्तरांच्या खोलीत चहासुद्धा दोन टोळ्यांत प्यायला जातो. मी मराठी शिकवते आणि कोकणीत ओरडते, त्यामुळे दोन्हीकडचे मला आपलीच समजतात. बाबांची तब्येत बरी. एप्रिलात त्यांना पंच्याहत्तर पुरी होतील. देवळाच्या कमिटीने सत्कार करायचं ठरवलंय. गोकुळदासशेट पुढाकार घेताहेत. निमंत्रणपत्रिकेवर काय छापायचं तेसुद्धा ठरलं: ‘सचोटीची अठ्ठावीस वर्षे’. बाबा वरवर ‘कित्याक ही थेरां’ म्हणतात, पण परवा जुना काळा कोट उन्हात घातला होता.

बिल्ल्याचं म्हणशील तर तसले शेकड्याने होते. कितीतरी हरवले असतील. इतक्या वर्षांनी कोणाला काय आठवणार? त्या गृहस्थांना सांग की भावना पोचल्या, आणि तो ठेवून दे. बाबांना विचारलं नाही. सत्काराच्या तोंडावर जुन्या गोष्टी नकोत.

जेवत जा.

तुझी
ताई


क्यूशू
२८ डिसेंबर १९८६

ती. ताई,

बनियनं पोचली, घातली आहेत.

तुझं उत्तर मी हरादांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत इनोऊबाईंना घेऊन माझ्या टेबलाशी आले, आणि उभ्यानेच बोलले. बसा म्हटलं तरी बसेनात. काय बोलले ते लिहितो, कारण माझ्या डोक्यातून जात नाही.

‘एकाहत्तर साली हा बिल्ला निघाला तेव्हा मी साहेबांना दाखवला. ते म्हणाले, कचरा आहे, टाकून दे. मी टाकला नाही. पण पाठवलाही नाही. जहाजाच्या कप्तानाला दिला असता तर वीस दिवसांत तुमच्या गावी पोचला असता. मला तेव्हा बढतीची आशा होती, साहेबांच्या शब्दाबाहेर जायचं नव्हतं. म्हणून डब्यात ठेवला आणि मनाला सांगितलं की मी जपून ठेवलाय. तिकडे त्या माणसाचं काय झालं ते मला माहीत नाही. बिल्ला हरवला म्हणून काही झालं असेल, तर त्यात पंधरा वर्षांची चूक माझी आहे. मार्चअखेर मी निवृत्त होतो. त्याआधी मला हे कळायला हवं.’

आणि कमरेत वाकले. माझ्यासमोर, ताई. मी त्यांच्यावर नजर ठेवायला आलेला माणूस. कोणी विचारलं नव्हतं, कोणी पकडलं नव्हतं. ऑफिसातली दहा माणसं बघत होती.

मला नाही म्हणवेना. बिल्ला रजिस्टर पोस्टाने तुझ्या नावावर पाठवलाय. तू बाबांना विचारायला संकोचतेस तर बाबलीला विचार ना. खाणीच्या गेटजवळ चहाचं दुकान आहे त्याचं, आधी तोही मजुरीच करायचा. त्याला सगळ्यांचे नंबर पाठ.

तुझा
कृष्णनाथ


डिचोली
१९ जानेवारी १९८७

प्रिय कृष्णा,

तुझं पत्र आणि बिल्ला एकाच दिवशी आले. डिसेंबरात भाषेच्या आंदोलनाने रस्ते बंद होते, पोस्ट साचून राहिलं होतं. पोस्टमनने सही घेताना विचारलं, ‘बाय, जपानातल्यान भांगार इलां काय?’ सोनं कुठलं, म्हणत मी हसले. दार लावून घेतलं आणि पुडकं उघडलं.

मागच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. छाप पाहिला त्या क्षणी मला सगळं आठवलं होतं. एकशे शहाऐंशी मी विसरणं शक्य नाही, कारण तो आकडा मी माझ्या हाताने लिहिलाय.

तू तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा, म्हापशाला मावशीकडे शिकायला होतास. एकाहत्तरच्या फेब्रुवारीत खाणीवर बिल्ल्यांची भानगड निघाली होती. एखादी बाई आपला बिल्ला नणंदेला, जावेला द्यायची, हजेरी एकीची आणि काम दुसरीचं. साहेबांनी बाबांना बोल लावला होता. तशात एका सकाळी हजेरीला एका बाईकडे बिल्ला नव्हता. ती म्हणाली, पदराच्या गाठीतून सुटला, काल दगड वेचताना मातीच्या ढिगात पडला. बाबांनी सगळ्यांसमोर विचारलं, ‘माती बिल्ले खाता काय गो?’ दोनशे माणसं हसली. ती चोर ठरली आणि कामावरून निघाली.

काढल्याची चिठ्ठी बाबांनी माझ्याकडून लिहून घेतली. माझं अक्षर चांगलं म्हणून. ‘नंबर १८६ हिने बिल्ला दुसऱ्यास दिल्याचे सिद्ध झाल्याने’ असा मजकूर. सिद्ध कुठे झालं, असं मी विचारलं नाही. पंचवीस वर्षांची होते, शाळेत मुलांना ‘नेहमी खरे बोलावे’ गिरवायला देत होते.

कृष्णा, याहून वाईट पुढे आहे. संध्याकाळी ती आपल्या अंगणात आली. बाबा घरी नव्हते. मला म्हणाली, ‘बाय, ढीग अजून थंयच आसा. उद्या बार्जीत भरतले. तू बाबाक सांग, रात्रीत आम्ही चाळून बघतों.’ मी टीपकागदाने शाई टिपत होते. मी म्हटलं, उद्या ये. बाबा दमून येतील, जेवायच्या वेळी कशाला हा विषय, एवढंच माझ्या मनात होतं. दुसऱ्या दिवशी ढीग नव्हता. तीही आली नाही.

म्हणजे बिल्ला खरोखर मातीतच होता. मातीबरोबर बार्जीतून नदीने मुरगावला गेला, तिथून जहाजात, आणि एका परक्या माणसाने तो धुऊन, चिठ्ठी बांधून ठेवला. त्याला बिचाऱ्याला वाटतं चूक त्याची.

तिचं नाव मला माहीत नाही. चिठ्ठीत नंबरच घातला होता.

ताई


क्यूशू
८ फेब्रुवारी १९८७

ती. ताई,

तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, कोणाचा ते सांगता येणार नाही. बाबांनी आपल्याला लहानपणी एका पेरूसाठी शेजाऱ्यांच्या पाया पडायला लावलं होतं, ते आठवलं.

पण ताई, माझं ऐकशील? बाबांना आत्ता सांगू नको. पंच्याहत्तराव्या वर्षी माणसाच्या हातून त्याचा एकुलता एक दागिना काढून घ्यायचा का? सत्कार होऊन जाऊ दे. मग मी सप्टेंबरात येईन, तेव्हा दोघं मिळून काय ते करू. त्या बाईला तू भेट, तिला लागेल ती मदत करू. पण बाबांना सोड.

हरादांना मी अजून काही सांगितलेलं नाही. रोज भेटतात, विचारत नाहीत. विचारत नाहीत तेच कठीण जातं.

तुझा
कृष्णनाथ


डिचोली
३ मार्च १९८७

प्रिय कृष्णा,

तुझं पत्र यायच्या आधीच मी पेडण्याला जाऊन तिला भेटून आले होते. आणि पत्र वाचल्यावर तुझं ऐकायचं नाही असं ठरवलं. रागावू नकोस. मी सोळा वर्षांपूर्वी ‘उद्या ये’ म्हटलं होतं. तू म्हणतोस सप्टेंबर. ते माझ्या ‘उद्या’सारखंच झालं.

बाबलीला विचारलं. तो म्हणाला, ‘एकशे शहाऐंशी? ती पेडणेकरीण. घोवान टाकली मगे, म्हायेराक गेली.’ म्हणजे नवऱ्याने सोडली होती. चोरीचा आळ आलेली बायको नको म्हणून. एवढं सांगून त्याने माझ्या हातात चहा दिला आणि पैसे घेतले नाहीत. त्याला माहीत होतं. इतकी वर्षं सगळ्यांनाच माहीत होतं.

बावीस तारखेला, रविवारी, म्हापशाहून बस बदलून पेडण्याला उतरले. तिथून मोटरसायकलवाल्याच्या मागे बसून गेले, बेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा. गावाबाहेर एका भाटकाराच्या मालकीची काजूची बाग ती बाई सांभाळते. बोंडांच्या राशीपुढे बसून बिया पिरगळून काढत होती. केस सगळे पिकलेत. मला लगेच ओळखलं. ‘मुकादमाचा चेडू,’ म्हणाली, आणि हात चालूच.

मी बिल्ला तिच्यापुढे ठेवला. कुठून आला ते सगळं सांगितलं. जपानचं, डब्याचं, हरादांचं. चिठ्ठी माझ्या अक्षरातली होती तेही सांगितलं.

ती म्हणाली, ‘अक्षर बरा होता. माका वाचूक येय नाय, पण दिसाक बरा होता.’

मला वाटलं जमीन दुभंगेल तर बरं. मग तिने बिल्ला उचलला, अंगठ्याने आकडा चोळला. मी विचारलं, तुला काय हवं ते सांग, कृष्णा आणि मी करू. तेव्हा पहिल्यांदा तिने हात थांबवले.

‘माका काय नको. पोरां वाढवून झाली. पण मुकादमान माका चार माणसांत नंबरान हाक मारून काडली. चार माणसांत नावान हाक मारूंदे.’ असं म्हणून तिने बिल्ला मला परत दिला.

मी नाव विचारलं. प्रभावती.

शुक्रवारी शाळेत पोस्टमनने तुझं पत्र दिलं. घरी आले तेव्हा बाबा व्हरांड्यात पत्रिकांचा गठ्ठा घेऊन बसले होते. गोकुळदासशेट छापून देऊन गेले होते. दोनशे. मी हातपाय धुतले, आणि त्यांच्यासमोर बिल्ला ठेवला. सांगितलं. ते प्रथम म्हणाले, ‘दुसरो आसतलो.’ मग म्हणाले, ‘मी माणसां वळखतंय.’ मग बिल्ला डोळ्यांजवळ नेऊन बघितला. तो मार्चमधल्या जहाजातून निघाला आणि ती फेब्रुवारीत कामावरून निघाली होती, हे त्यांचं त्यांनीच बोटांवर मोजलं.

मी हरादांची गोष्ट सांगितली. दहा माणसांसमोर वाकले ती.

‘तो खंयचो साहेब?’ बाबांनी विचारलं.

‘साहेब नव्हे. तुमच्यासारखाच. माती बघणारा.’

आज चार दिवस झाले. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. जेवतात, देवळात जातात, येतात. ते मला क्षमा करतील की नाही ते ठाऊक नाही. पण मी केलं ते बरोबर केलं, याबद्दल मला कणभर शंका नाही. हे इतक्या ठामपणे मी आयुष्यात फार थोड्या वेळा म्हटलंय.

ताई


क्यूशू
२२ मार्च १९८७

ती. ताई,

तुझं बरोबर, माझं चुकलं. एवढं लिहायलाच हे पत्र.

आणि हो, हरादांना सगळं सांगितलं. बाबांचं, तुझं, माझ्या भित्रेपणाचंही. इनोऊबाई मध्ये दोनदा थांबल्या. हरादा ऐकून घेऊन म्हणाले, ‘तुमच्या बहिणीला सांगा, वाट बघणाऱ्या माणसाकडे आपण उशिरा गेलो तरी जायचं असतं.’ ते अजून नऊ दिवस कामावर आहेत. तिकडे काय झालं ते तारेने कळव. म्हातारा रोज सकाळी माझा चेहरा बघतो.

कृष्णनाथ


डिचोली
१२ एप्रिल १९८७

प्रिय कृष्णा,

तार मिळाली असेल. ‘बाबा गेले’ असं लिहायला मी निघाले होते, पोस्टमास्तरांनी थांबवलं. म्हणाले, ‘बाय, भावाच्या काळजाक धस्स जायत. पेडण्यास गेले असां लिही.’ आता सविस्तर लिहिते.

मागचं पत्र टाकल्यावर आणखी तीन आठवडे अबोला चालला, आणि एका पहाटे बाबा काळा कोट घालून, काठी घेऊन दारात उभे. म्हणाले, ‘पेडण्याची बस कितक्याक?’ एवढंच. बसमध्ये मी त्यांना नाव सांगितलं. प्रभावती. त्यांनी दोनदा पुटपुटलं. म्हापशाला बस बदलताना पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं.

बागेत पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. प्रभावती आणि आणखी सहा-सात बाया बोंडांच्या राशीभोवती बसलेल्या. भाटकाराचा माणूस, शंभू, पाट्या मोजत होता. बाबा कुंपणाच्या आत आले आणि उभे राहिले. कृष्णा, ते हजेरीला उभे राहायचे तसेच उभे राहिले. काठी सरळ, मान वर. अंगातली सवय ती, त्यांनी ठरवून केलं नाही. आणि तोंडातून निघालं, ‘एकशे शहाऐंशी.’

प्रभावतीने मान वर केली नाही. बी पिरगळून पाटीत टाकली, दुसरं बोंड उचललं. बाकीच्या बाया आमच्याकडे बघत होत्या.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. नाव विसरले होते ते. ओठ हलत होते, सापडत नव्हतं. माझ्या जिभेवर होतं. मी नुसतं पुटपुटले असते तरी त्यांना ऐकू गेलं असतं. मी खाली बघितलं. हे त्यांचं त्यांनीच शोधायला हवं होतं.

बाबांनी डोक्यावरची टोपी काढली. घाम पुसला. आणि म्हणाले, ‘प्रभावती.’

तिचे हात थांबले.

‘बिल्लो मातीतच पडलेलो. तुजा खरा होता. माजा चुकला.’

शंभू पाट्या मोजायचा थांबला. एक म्हातारी बाई हळूच म्हणाली, ‘ऐकलंस मगो, प्रभा?’

प्रभावती उठली. हात पदराला पुसले. बाबांच्या समोर, चार पावलांवर येऊन उभी राहिली, आणि म्हणाली, ‘हजर.’

मग काय झालं? काही नाही. ती म्हणाली, ‘उन्हातसून इल्यात. पाणी घेवा.’ बाबा तिच्या ओसरीवर बसले आणि तिने दिलेलं तांब्याभर पाणी प्यायले. रडारड झाली नाही. तिने बाबांना क्षमा केली असं मी म्हणणार नाही. तिने तसं म्हटलं नाही, आणि तिच्या वतीने मी कशाला म्हणू? निघताना बाबांनी बिल्ला तिच्या हातात दिला आणि सत्काराला बोलावलं. ती म्हणाली, ‘काजीच्या दिसांनी माका वेळ गावाचो नाय.’

घरी आल्यावर बाबांनी पत्रिकांचा गठ्ठा काढला. माझा दौत-टाक मागितला, आणि प्रत्येक पत्रिकेवरची ‘सचोटीची’ ही ओळ खोडायला बसले. दोन दिवस लागले. गोकुळदासशेट हात जोडून म्हणाले, अहो, नवीन छापून घेऊ. बाबा म्हणाले, ‘खोडलेला दिसूंदे.’ सत्कार परवा झाला. खोडलेल्या ओळीबद्दल कोणीतरी विचारलंच. बाबांनी उभं राहून सांगितलं, चार वाक्यांत. टाळ्या झाल्या नाहीत. पण नंतर बाबली येऊन त्यांच्या शेजारी बसला, आणि जेवण होईपर्यंत उठला नाही.

आणि बिल्ला. काल मी पुन्हा पेडण्याला गेले होते, एकटीच. प्रभावतीच्या गाईच्या गळ्यात लटकतोय. मी बघत राहिले तशी म्हणाली, ‘नंबर ढोरांक बरो.’

तुझ्या हरादांसाठी तिने एक बरणी दिली आहे. गेल्या वर्षीची खारातली तोरं. मी पेजेची गोष्ट सांगितली होती ती तिच्या लक्षात राहिली. वास्कोचा एक माणूस या जहाजावर आहे, त्याच्याबरोबर धाडते. माती गेली त्याच वाटेने बरणी येईल.

तुझी
ताई


क्यूशू
१७ मे १९८७

ती. ताई,

बरणी पोचली. झाकण मेणाने बंद केलं होतंस म्हणून एक थेंब सांडला नाही.

हरादा निवृत्त झालेत, तरी मी इनोऊबाईंना घेऊन त्यांच्या घरी गेलो. तुझं पत्र वाचून दाखवलं. टोपी काढली तिथे हरादाबाई उठून आत गेल्या, आणि ‘हजर’ला परत आल्या. बिस्किटांचा डबा हरादांनी खाली घेतला. बिल्ल्याला बांधलेली चिठ्ठी अजून होती त्यात. त्यांनी मला नाव पाचदा म्हणायला लावलं. मग ब्रश घेऊन, आकड्यावर रेघ मारून, शेजारी त्यांच्या अक्षरांत नाव लिहिलं. पु-रा-बा-वा-ती. प्र त्यांना जमत नाही. चिठ्ठी पुन्हा डब्यात ठेवली.

मग तोर खाल्लं. नुसतंच, पेजेशिवाय. डोळे मिटले, तोंड सगळं आत ओढलं गेलं. मी विचारलं, कसं आहे? म्हाताऱ्याने बराच विचार केला. बायकोकडे बघितलं. आणि इनोऊबाई हसू आवरत म्हणाल्या, ‘ते म्हणताहेत, फार छान आहे. पण खरं सांगायचं तर माझ्या बायकोचं जास्त चांगलं.’

हे प्रभावतीबाईंना सांगायचं की नाही ते तू ठरव.

तुझा
कृष्णनाथ


डिचोली
३ जून १९८७

प्रिय कृष्णा,

कार्डावर जागा थोडी आहे. शनिवारी आपल्या गोव्याचं वेगळं राज्य झालं. गावात पेढे वाटले, बाबांनी दोन खाल्ले. रविवारी ते माझ्याबरोबर पेडण्याला आले होते, आपणहून. पाऊस यायच्या आत कौलं चाळायची म्हणून प्रभावती घाईत होती. बाबा खाली उभे राहून शंभूला कुठलं कौल फुटलंय ते काठीने दाखवत होते, आणि ती वरून त्यांना दटावत होती.

हरादांचं म्हणणं मी तिला सांगितलं. शब्द न शब्द. ती शिडीवर थांबली, एक कौल हातात, आणि इतकी हसली की शंभूने शिडी धरली.

म्हणाली, ‘बरां. माणूस खरो आसा.’

ताई